चुलत की मामे, भाचा की पुतण्या: स्कॉटिश लॉर्ड घराण्यांची वंशावळ कशी शोधायची

एल्फिन्स्टन कॉलेज आणि जुनं एल्फिन्स्टन रोड स्टेशन, दोन्ही एकाच साहेबाच्या नावावर आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही खूप वर्षं तसंच वाटायचं. कॉलेज आहे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या नावाचं, ते १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते. आणि स्टेशन, जे २०१८ पासून प्रभादेवी झालं, ते होतं त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या नावाचं, म्हणजे जॉन, १३वे लॉर्ड एल्फिन्स्टन, हे १८५३ ते १८६० गव्हर्नर, सत्तावन्नच्या वेळी मुंबईत हेच होते. काका आणि पुतण्या एवढं कळलं, मग प्रश्न पडला की काका लॉर्ड नव्हते आणि पुतण्या लॉर्ड कसा, आणि त्या एका प्रश्नापायी मी या स्कॉटिश घराण्यांच्या नादाला लागलो तो आजपर्यंत. तुम्हाला असं एखादं घराणं शोधायचं असेल तर कुठून सुरुवात करायची आणि कुठे पाय घसरतो ते सांगतो, आणि एल्फिन्स्टनचंच उदाहरण शेवटपर्यंत धरू म्हणजे डोक्यात राहील.

सगळ्यात आधी नंबर शोधा. नाव नाही, नंबर. एल्फिन्स्टन घराण्यात ११वे, १२वे, १३वे आणि १४वे असे लागोपाठ चार लॉर्ड, चौघांचंही नाव जॉन! नुसतं "लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन" असं सर्च मारलंत तर चौघांची माहिती एकात एक मिसळून येणार आणि तुम्ही आजोबांचं लग्न नातवाला लावून मोकळे होणार, मी नेटवर अशा वंशावळी स्वतः बघितल्यात. म्हणून वहीत पहिल्या ओळीत लिहायचं: किताब कुठला, कितवे, कधीपासून कधीपर्यंत. एल्गिन आणि मिंटो यांच्या बाबतीत पण तेच, १८६२ मध्ये व्हाइसरॉय झालेले ८वे अर्ल ऑफ एल्गिन आणि १८९४ मध्ये आलेले ९वे, हे बापलेक. मिंटो तर पहिले अर्ल १८०७ ला गव्हर्नर जनरल आणि चौथे अर्ल १९०५ ला व्हाइसरॉय, मध्ये जवळजवळ शंभर वर्षं.

मग किताब आणि आडनाव वेगळं करा. अर्ल ऑफ एल्गिनचं आडनाव ब्रूस, मार्क्विस ऑफ डलहौसीचं रॅमझी, लॉर्ड रे यांचं मॅके (हार्बर लाइनवरचं रे रोड यांच्याच नावाचं). एल्फिन्स्टनचं आडनाव आणि किताब एकच आहे म्हणून आपली फसगत होते. चर्चच्या रजिस्टरमध्ये मुलांच्या नावापुढे बऱ्याचदा आडनाव असतं, बापाच्या नावाजागी नुसता किताब असतो, दोन्ही माहीत नसेल तर नोंद समोर असून दिसत नाही.

पायऱ्या पण माहीत हव्यात. वरून खाली ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन, पण स्कॉटलंडच्या जुन्या किताबांत सगळ्यात खालची पायरी बॅरन नसते, तिथे तिला लॉर्ड ऑफ पार्लमेंट म्हणतात. स्कॉटलंडमध्ये "बॅरन" म्हणजे २००४ पर्यंत जमिनीशी जोडलेला असा एक जुना हक्क, तो माणूस लॉर्ड असेलच असं नाही. बॅरोनेट हा तर पीअर (म्हणजे या वरच्या पायऱ्यांवरचा किताबधारक) नसतोच, नावाआधी "सर" लावतो आणि ते "सर" वारशाने पुढे जातं. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, लॉर्ड नाही. महाबळेश्वरची माल्कम पेठ ज्यांच्या नावाची ते सर जॉन माल्कम, त्यांचं "सर" तर त्यांच्याबरोबरच संपलं, ते डमफ्रीसशरमधल्या शेतकऱ्याच्या सतरा मुलांपैकी एक.

आता माउंटस्टुअर्टचा प्रश्न सुटतो. ते ११व्या लॉर्डचे चौथे चिरंजीव. लॉर्डच्या धाकट्या मुलाला नावाआधी फक्त "ऑनरेबल" लागतं, किताब थोरल्याला. (स्कॉटलंडमध्ये वारस मुलाला "मास्टर ऑफ एल्फिन्स्टन" असं म्हणतात, नोंदीत मास्टर दिसला की तो मास्तर नाही, वारस आहे हे लक्षात ठेवा.) म्हणजे आपल्याकडे पुस्तकांतून कधीकधी "लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन" छापतात ते चूक. ड्यूक आणि मार्क्विसच्या धाकट्या मुलांना मात्र नावाआधी "लॉर्ड" लागतं आणि तरी ते पीअर नसतात, त्यामुळे "लॉर्ड" दिसलं की लगेच वंशावळीत किताब लिहून टाकू नका.

आता माझी खरी युक्ती, आणि यात मराठी माणसाला जन्मजात फायदा आहे. इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं की किताब "कझिन"कडे गेला, किंवा "नेफ्यू"कडे गेला, किंवा "अंकल"कडून आला. इंग्रज वाचक तिथे पुढे जातो. तुम्ही थांबायचं आणि स्वतःला विचारायचं की हा कझिन चुलत, मामे, आते का मावस? नेफ्यू म्हणजे भाचा का पुतण्या? जोपर्यंत मराठी शब्द लिहिता येत नाही तोपर्यंत तुम्हाला नातं कळलेलंच नाही. मी सगळे तक्ते मराठीत करतो ते याचसाठी, रिकामी जागा लगेच दिसते.

१३वे लॉर्ड एल्फिन्स्टन १८६० मध्ये वारले, लग्न झालेलं नव्हतं, किताब गेला "कझिन" जॉन एल्फिन्स्टन फ्लीमिंगकडे. आडनाव फ्लीमिंग बघून वाटतं आतेभाऊ असणार. पण नाही. त्याचे वडील अॅडमिरल चार्ल्स हे ११व्या लॉर्डचे दुसरे चिरंजीव, म्हणजे माउंटस्टुअर्टचे थोरले भाऊ. घराण्यातल्या आजीकडून फ्लेमिंग घराण्याची इस्टेट आली आणि इस्टेटीबरोबर आडनाव जोडावं लागलं. म्हणजे सख्खा चुलतभाऊ. स्कॉटलंडमध्ये हे सर्रास होतं, जमीन आईकडून किंवा आजीकडून आली की तिकडचं आडनाव लावायची अट असायची, म्हणून आडनावावरून बाप ठरवायचा नाही कधीच.

डलहौसीचं उदाहरण आपल्याला जास्त लागतं. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये दत्तक मान्य न करता खालसा केलं, नागपूर १८५४ मध्ये, ते हेच. ते १० वे अर्ल ऑफ डलहौसी होते आणि १८४९ मध्ये मार्क्विस झाले. १८६० मध्ये वारले तेव्हा दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. मार्क्विस हा किताब त्यांच्या थेट पुरुष वंशजांपुरता होता, तो तिथेच संपला. अर्लचा किताब जुना, तो मागे जाऊन दुसऱ्या फांदीकडे गेला, फॉक्स मॉल नावाच्या माणसाकडे. मॉल आडनाव, पण त्यांचे वडील जन्माने रॅमझी, ८व्या अर्लचे धाकटे चिरंजीव, नातलगाची इस्टेट मिळाली म्हणून मॉल झालेले. परत चुलतभाऊच. आणि दत्तक मुलाला ब्रिटनमध्ये किताब मिळत नाही, त्या काळी नाही आणि आजही नाही, साताऱ्याचा इतिहास वाचताना हे मला फार टोचतं, पण वंशावळ करताना ते नियम म्हणून पक्कं लक्षात ठेवायचं.

यातून पुढचं काम निघतं: किताब दिला तेव्हा कागदावर वारसाची अट काय होती ते शोधा. बहुतेक किताब पुरुषांकडून पुरुषांकडे. स्कॉटलंडचे काही जुने किताब मात्र बाईकडेही जातात आणि तिथे मुलगा नसला तर थोरल्या मुलीला मिळतात, इंग्लंडच्या काही जुन्या बॅरनींसारखं सगळ्या बहिणींत अडकून पडत नाहीत. एकाच माणसाचे दोन किताब दोन वाटांनी जातात ते यामुळे. १९६३ मध्ये ५वे ड्यूक ऑफ सदरलंड वारले, ड्यूकपद गेलं दूरच्या पुरुष नातलगाकडे आणि त्याहून जुनं अर्लपद गेलं त्यांच्या पुतणीकडे, ती काउंटेस झाली.

मार या अर्लपदाचं भांडण तर मुद्दाम वाचा. १८६६ मध्ये अर्ल ऑफ मार निपुत्रिक वारले. ते अर्ल ऑफ केली पण होते. भाचा म्हणाला मी अर्ल ऑफ मार, कारण मारचं अर्लपद अतिप्राचीन आणि ते बाईकडून चालतं. चुलत फांदीतले केली म्हणाले मी, कारण पुरुष वारस मी. १८७५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने केलीच्या बाजूने निकाल दिला, म्हणाले हे अर्लपद १५६५ मध्ये नव्याने दिलेलं आणि ते पुरुष वारसांपुरतं. लोकांना पटलं नाही, शेवटी १८८५ मध्ये पार्लमेंटने कायदा करून भाच्याला जुनं अर्लपद परत दिलं. तेव्हापासून दोन वेगळे अर्ल आहेत, एक मार आणि एक मार अँड केली. इंग्रजीत नुसतं नेफ्यू आणि कझिन वाचलंत तर हे भांडण कशावरून झालं तेच कळणार नाही, भाचा म्हटलं की एका शब्दात कळतं.

छापील आधार कुठला घ्यायचा? स्कॉटिश घराण्यांसाठी सर जेम्स बाल्फर पॉल यांनी संपादित केलेलं स्कॉट्स पीरेज (पीरेज म्हणजे पीअर घराण्यांच्या वंशावळींचा ग्रंथ), नऊ खंड, १९०४ ते १९१४, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट स्कॅन आहेत, धाकट्या मुलामुलींची माहिती यात सगळ्यात चांगली. कम्प्लीट पीरेजमध्ये किताबधारकांच्या तारखा काटेकोर आहेत पण धाकट्या मुलांसाठी उपयोग नाही. बर्क्स पीरेज १८२६ पासून निघतंय, आजच्या पिढ्यांसाठी ठीक, पण जुन्या आवृत्त्यांत घराण्यांनी स्वतः सांगितलेल्या दंतकथा जशाच्या तशा छापल्यात, पहिल्या तीन-चार पिढ्या तर तपासल्याशिवाय अजिबात घेऊ नका. लोकांनी बनवलेल्या ऑनलाइन झाडांवर तर फक्त धागा मिळतो, पुरावा नाही.

पुरावा मिळतो एडिनबरात, आणि बराचसा घरबसल्या. स्कॉटलंड्स पीपल ही सरकारी वेबसाइट आहे, इंडेक्स शोधायला पैसे नाहीत, कागदाची इमेज उघडायला क्रेडिट लागतात. १ जानेवारी १८५५ पासून जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद, त्यात मृत्यूच्या नोंदीत आईवडील दोघांची नावं आणि आईचं माहेरचं आडनाव, इंग्लंडच्या तेव्हाच्या नोंदीत हे मिळत नाही. त्याआधीचं चर्चच्या रजिस्टरवर अवलंबून, कुठे आहे कुठे गहाळ. एक सोय अशी की स्कॉटिश कागदात लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव सुटत नाही, दोन्ही आडनावं लिहितात, म्हणून शोधताना माहेरच्या नावाने पण शोधा.

मृत्युपत्रं १५१३ पासूनची आहेत पण त्यात एक मोठी गोची आहे, १८६८ पर्यंत स्कॉटलंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देता येत नव्हती, ती कायद्याने वारसाकडे जायची. त्यामुळे मृत्युपत्रात थोरल्या मुलाचं नाव नाही म्हणजे बापाने त्याला तोडलं असा अर्थ काढू नका, त्याला जमीन मिळालीच होती. जमिनीच्या वारसासाठी वेगळे कागद बघायचे, त्यांना रिटूर म्हणतात, पंचांसमोर वारस सिद्ध करायचा आणि त्यात मयताशी नातं लिहायचं. सोन्यासारखे कागद आहेत हे. १८४७ पर्यंत बहुतेक लॅटिनमध्ये, पण घाबरू नका, लॅटिनमध्ये आपल्यासारखेच काकाला पॅट्रूअस आणि मामाला अवंक्युलस असे वेगळे शब्द आहेत. फक्त नेपोस शब्द आला की जपा, तो नातू पण असतो आणि पुतण्या-भाचा पण. जमीन हातात आल्याची नोंद सॅसीन रजिस्टरमध्ये, १६१७ पासून.

तारखांचं एक सांगायचं राहिलं. पहिल्या लॉर्ड एल्फिन्स्टनला किताब मिळाला तो कुठे १५०९ दिसतो कुठे १५१०, कारण महिना जानेवारी आणि तेव्हा तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं, आपलं शक पाडव्याला बदलतं तसंच. स्कॉटलंडने १६०० पासून १ जानेवारी धरली, इंग्लंडने थेट १७५२ पासून. त्यामुळे दोन देशांत लग्नसंबंध असले तर जानेवारी ते मार्चच्या तारखा दोनदा तपासा, नाहीतर मूल लग्नाच्या आधी जन्मलेलं दिसतं आणि उगाच घराण्यावर बालंट येतं.

आडनाव मॅके म्हणून लॉर्ड रे यांचे नातलग, असं होत नाही. सगळे भोसले छत्रपतींच्या थेट वंशातले नसतात तसंच, कुळाच्या प्रमुखाच्या आश्रयाला राहणारे लोकही तेच आडनाव लावायचे. ढालीवरचं चिन्ह पण आडनावाचं नसतं, स्कॉटलंडमध्ये ते एका माणसाचं असतं, लॉर्ड लायन म्हणजे तिथला या चिन्हांचा अधिकारी, त्याच्या कोर्टात १६७२ पासून त्याचं रजिस्टर आहे आणि दुसऱ्याचं चिन्ह वापरणं तिथे गुन्हा आहे. नेटवर फूटभर जमीन विकत घ्या आणि लॉर्ड व्हा असं कोणी विकत असेल तर पैसे घालवू नका, त्याने किताब मिळत नाही.

शेवटचा भाग असा की ज्यात आपण इथे बसून त्यांना मदत करू शकतो. या घराण्यांची धाकटी मुलं कंपनीच्या नोकरीत इकडे आली, त्यातली कितीतरी इथेच वारली आणि तिकडच्या वंशावळीत त्यांच्यापुढे नुसतं "भारतात मृत्यू" एवढंच लिहिलेलं असतं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती लंडनला जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन/३ या मालिकेत आहेत. फिबिस नावाच्या संस्थेचा डेटाबेस फुकट शोधता येतो, तिथून सुरुवात करा. आणि मुंबईत असाल तर फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल आणि काळा घोड्याजवळचं स्कॉटिश लोकांचं सेंट अँड्र्यूज चर्च बघा, भिंतीवरचे संगमरवरी फलक नीट वाचा, त्यात बापाचं नाव, गाव, कितवा मुलगा असं बरंच काही कोरलेलं असतं. फोटो काढताना सरळ समोरून एक आणि बाजूने उजेड घेऊन एक असे दोन काढा, झिजलेली अक्षरं बाजूच्या उजेडात वाचता येतात. फलकावरचा मजकूर तिथेच उभं राहून वहीत उतरवा, स्पेलिंग चुकलेलं वाटलं तरी सुधारू नका, आणि खाली मराठीत लिहा की हा कोणाचा कोण.