‘कुणाला सांगणार नाही’ असं म्हणण्याआधी

गृहभेटीत समोरची व्यक्ती बोलायला लागली की आपण सैलपणे म्हणून जातो, ‘काळजी करू नका, हे आपल्या दोघींतच राहील.’ सामाजिक संस्थेत माझ्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला मी आधी हे वाक्य सोडायला लावते. कारण ते पाळता येईल की नाही हे आपल्या हातात नसतं. काही गोष्टी पुढे कळवल्या नाहीत तर कायदा आपल्याला दोषी धरतो. आणि काही गोष्टी आपण पुढे कळवल्या तर तोच कायदा आपल्याला दोषी धरतो. कुठली गोष्ट कशात मोडते हे घरात शिरण्याआधी माहीत हवं, घरातून निघाल्यावर नाही.

त्या वाक्याच्या जागी मी हे बोलायला सांगते: ‘तुमचं बोलणं मी इकडेतिकडे करणार नाही. पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल तर मला ते पुढे सांगावं लागेल. आणि सांगण्याआधी, जमेल तिथे, तुम्हाला सांगेन.’ पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळते. बायका गप्प होतील अशी भीती वाटते. काही जणी होतातही. पण ज्या नंतर बोलतात त्या विचार करून बोलतात, आणि पुढे आपण पोलिसांना कळवलं तरी ‘ताईने फसवलं’ असं त्यांना वाटत नाही.

मुलांच्या बाबतीत

इथे पर्याय नाही. २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याचं कलम १९ सांगतं की १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं माहीत असेल किंवा होण्याची शक्यता वाटत असेल, तर कोणत्याही व्यक्तीने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. ‘कोणत्याही व्यक्तीने’ म्हणजे तुम्ही, मी, अंगणवाडीताई, शिक्षक, सगळे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवला तर शिक्षा एक वर्षापर्यंत जाते आणि दंडही होतो. म्हणून ‘आधी आपण संस्थेत चौकशी करू, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. चौकशी हे पोलिसांचं काम. आपल्याला पुरावा गोळा करायचा नाही, कळवायचं आहे. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

मूल बोलतंय तेव्हा काय करायचं? ऐकायचं. ‘मग त्याने काय केलं? कुठे हात लावला?’ असे प्रश्न विचारायचे नाहीत, कारण आपल्या प्रश्नांतले शब्द मुलाच्या तोंडी बसतात आणि कोर्टात नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं. मूल जे शब्द वापरेल तेच लिहा, बोबडे असले तरी. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडे जाब विचारायला जाऊ नका. त्याला सावध केल्याने मुलाचा धोका वाढतो. त्याच दिवशी कळवा. तोंडी सांगितलं तरी ते लिहून घेतलं जायला हवं, त्याला नोंद क्रमांक मिळायला हवा आणि ते तुम्हाला वाचून दाखवायला हवं. क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. कुठे सुरुवात करावी कळत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

आणि पुढे काय होणार हे मुलाला त्याच्या भाषेत सांगा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नव्हे. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असू शकते. हे कलम २४ आणि २६ मध्ये आहे. ठाण्यात वाद न घालता, शांतपणे कलमाचा आकडा सांगितला की बऱ्याचदा खुर्ची मिळते.

सगळ्यात अवघड प्रसंग असतो तो सतरा वर्षांच्या मुलीचा, जी म्हणते, ‘माझ्या मर्जीने आहे, तुम्ही कुणाला सांगू नका.’ कायद्यात १८ खालच्या संमतीला किंमत नाही. मला ही तरतूद प्रत्येक वेळी न्याय्य वाटते असं नाही, पण माझ्या वाटण्याने कळवण्याची जबाबदारी संपत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक वाट काढून दिली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही सवलत डॉक्टरांना आहे, आपल्याला नाही. तेव्हा अशा मुलीला पूर्ण गोष्ट सांगण्याआधीच आपली मर्यादा सांगणं आणि लवकरात लवकर डॉक्टरांपर्यंत पोचवणं, हेच आपल्या हातात उरतं.

बालविवाहाची कुणकुण लागली तर महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला लेखी द्या. पत्रिका छापून झाल्यावरही दंडाधिकारी मनाईहुकूम देऊ शकतात. एकटं सापडलेलं मूल असेल तर २४ तासांच्या आत पोलीस, १०९८, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवावं लागतं. ‘चांगल्या घरात देऊन टाकू’ हा विचार कितीही मायेचा असला तरी, रीतसर प्रक्रियेबाहेर मूल दत्तक देणं हा गुन्हा आहे.

सज्ञान बाईचं तसं नाही

घरी मार खाणारी बाई सज्ञान आहे. तिच्या वतीने तुम्ही ठरवू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या) माहिती देण्याची मुभा सगळ्यांना आहे, सक्ती नाही. नोंदणीकृत सेवादायी संस्थेनेही घटना अहवाल ‘पीडितेची इच्छा असेल तर’ भरायचा, असं कायदाच म्हणतो. नव्या कार्यकर्त्यांना हे पटायला वेळ लागतो. त्यांना वाटतं, तिला ठाण्यात नेलं म्हणजे काम झालं. ती संध्याकाळी त्याच घरात परत जाणार आहे, हे कुणी विचारात घ्यायचं? तिला पर्याय सांगा, १८१ ही महिला हेल्पलाइन सांगा, मोफत वकिलाचं सांगा (१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता हा हक्क आहे, नंबर १५१००), आणि तिच्या निर्णयाची वाट बघा. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र वाट बघायची नाही, ११२ लावायचा.

फोन करण्याआधी तिला विचारून ठेवा: कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं. संस्थेचं नाव सांगून ‘ताई आहेत का?’ विचारणं म्हणजे नवऱ्याला निरोप देणंच झालं.

एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा याहून कडक आहे. कुणाची स्थिती उघड करायची तर त्या व्यक्तीची माहितीपूर्ण संमती हवी, तीही लेखी. जोडीदाराला सांगण्याचा अधिकार ठरावीक अटींवर डॉक्टर किंवा समुपदेशकाला आहे, क्षेत्रकार्यकर्त्याला नाही. म्हणून फाइलच्या कव्हरवर, हजेरीपटावर, औषधाच्या पिशवीवर कुठेही ओळखता येईल अशी खूण नको. संस्थेतली प्रेमळ माणसंच अशा खुणा करतात, ‘लक्षात राहावं म्हणून’.

संमतीपत्र आणि फोटो

इंग्रजी कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली नाही. कागद मोठ्याने वाचा, मग त्यांनाच विचारा, ‘मी काय म्हणाले ते सांगा बरं.’ नाही म्हटलं तर रेशनच्या यादीतून किंवा शिलाईच्या वर्गातून नाव जाणार नाही, हे स्पष्ट बोला. कारण समोरच्याच्या डोक्यात तोच हिशेब चालू असतो. आधारची प्रत खरंच लागणार असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत घ्या. लागणार नसेल तर घेऊच नका. ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून जमवलेल्या झेरॉक्सची थप्पी हा कार्यालयातला सगळ्यात मोठा धोका आहे.

फोटोंवरून माझं देणगीदारांशी दरवर्षी वाजतं. डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बलात्कारपीडितेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सांगितलं की नाव तर नाहीच, पण ओळख पटू शकेल अशी माहितीही छापायची नाही. पाठमोरा फोटो, पण अंगावर शाळेचा गणवेश. नाव बदललेलं, पण वस्ती, वडिलांचा धंदा आणि भावंडांची संख्या खरी: वस्तीतल्या कुणालाही मिनिटात कळतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला ‘आजची भेट’ फोटोही यातच आला.

नोंदी

जे पाहिलं आणि जे ऐकलं तेवढंच लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा. ‘डाव्या गालावर सूज, विचारल्यावर म्हणाली दार लागलं’ ही नोंद झाली. ‘नवरा मारत असावा असं वाटतं’ ही नोंद नव्हे. फायली तपासताना ‘वाटतं’ दिसलं की मी पेन्सिलने गोल करते. तारीख, वेळ, सही. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करा, व्हाइटनर लावू नका. आणि लिहिताना धरून चाला की ती फाइल एक दिवस त्या बाईसमोर उघडली जाणार आहे.

आपल्याबद्दल

स्वतःच्या खिशातून उसने पैसे देऊ नका, घेऊ तर नकाच. भेट म्हणून काही हातात ठेवलं तर संस्थेचा जो नियम असेल तो सांगा आणि रजिस्टरला नोंद करा. नातेवाइकाची केस आली तर दुसऱ्या कार्यकर्त्याकडे सोपवा. एवढं पुरे, यात तत्त्वज्ञान काही नाही.

एक गोष्ट मात्र कार्यकर्त्यांनाच माहीत नसते. १९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह थांबवू पाहणाऱ्या एका ‘साथिन’वर, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमाच्या गावातल्या कार्यकर्तीवर, सामूहिक बलात्कार झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. ज्या कायद्याला लोक ऑफिसांचा कायदा समजतात तो आपल्यासारख्या वस्तीत फिरणाऱ्या बाईमुळे आला. त्यात बिनपगारी स्वयंसेवकही येतात, कामानिमित्त गेलेलं ठिकाण आणि संस्थेने दिलेलं वाहनही येतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून तारखा लिहून ठेवा.

नोकरी सोडताना रजिस्टर, फायली, चाव्या यादी करून सोपवा आणि यादीवर घेणाऱ्याची सही घ्या. स्वतःच्या फोनमधले कुटुंबांचे नंबर, फोटो आणि आवाजाच्या क्लिप आधी संस्थेच्या नोंदीत गेल्यात का ते बघा, मग पुसून टाका. गॅलरीतून पुसलं की झालं असं समजू नका. क्लाउडवरची प्रत आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही तपासा. ज्या कुटुंबांची केस चालू आहे त्यांना नव्या कार्यकर्तीसोबत एकदा भेटून या, म्हणजे उद्या त्यांचा फोन तुम्हाला येणार नाही.