व्हर्च्युअल गिटार घेताय? आधी तिचा उजवा हात बघा

नाशिकच्या इंदिरानगरला आमचा वन बीएचके आहे आणि माझा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं कपाटाला चिकटलेलं टेबल. खिडकी उघडली की भाजीवाल्याचा स्पीकर, बंद केली की शेजारच्या काकूंचा कुकर, आणि गणपतीच्या आधी महिनाभर ढोल पथकाची प्रॅक्टिस, म्हणजे माईक लावून ॲकॉस्टिक गिटार रेकॉर्ड करायचा विषयच संपला. त्यात मला कॉर्ड येतात चार, आणि एफ लावला की अजूनही पहिल्या बोटाखालची तार खर्र करते. म्हणून मी गिटार कीबोर्डवरनं, सॉफ्टवेअरमधून वाजवतो. पैसे घालवून जे शिकलोय ते लिहितो, तुमचे वाचले तर वाचले.

बहुतेक जण काय करतात, डेमो ऐकतात, टोन आवडला की घेतात. मीपण तेच केलं. पण गिटारमध्ये डावा हात फक्त सूर ठरवतो, आवाज काढतो तो उजवा हात. तार कुठे छेडली, किती जोरात, खाली जाताना की वर येताना, तळवा टेकवला होता का, हे सगळं उजव्या हाताचं काम. टोन तर इक्यू लावून, ॲम्प बदलून नंतर वाटेल तसा करता येतो, पण सॉफ्टवेअरचा उजवा हातच लाकडी असेल तर वर कितीही रिव्हर्ब ओता, ऐकणाऱ्याला कळतंच. त्यामुळे डेमो ऐकताना डोळे मिटून एकच बघायचं, हा माणूस वाजवतोय की टाइप करतोय.

आता तुमच्या गाण्यात गिटारला काम काय आहे ते आधी ठरवा. गायकाच्या मागे नुसता स्ट्रम (सगळ्या तारांवरून एकदम फिरवलेला हात) हवाय, की बोटांनी तारा छेडत जाणारं पिकिंग, की रिफ (परत परत येणारी छोटी धून) आणि लीड (एकेका सुरात वाजवलेली चाल)? तिन्हीला एकच लायब्ररी (सॉफ्टवेअरमधला गिटारच्या आवाजांचा संच) घ्यायला गेलात की तिन्ही कामं अर्धवट होतात.

नुसता स्ट्रम हवा असेल तर फ्रेजवाली, म्हणजे आधीच वाजवून ठेवलेल्या तुकड्यांची सॉफ्टवेअर बघा. युजॅमची व्हर्च्युअल गिटारिस्ट सिरीज किंवा नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची सेशन गिटारिस्ट ही त्यातली. कीबोर्डवर उजव्या हाताने कॉर्ड धरायची, डावीकडच्या कीजनी पॅटर्न निवडायचा, आणि ते तुमच्या टेम्पोला धरून वाजवत राहतं. खऱ्या गिटारिस्टने वाजवलेलं असल्यामुळे उजवा हात आयता मिळतो, दहा मिनिटांत गाण्याखाली गिटार तयार. पण आपल्याकडे एक घोळ होतो. आपली अर्धी भावगीतं दादऱ्यात, आणि पॅटर्न बघावेत तर बहुतेक चार-चारचे. केहरव्याला चालून जातात, दादऱ्याला मात्र सहा-आठचे पॅटर्न मुद्दाम शोधावे लागतात, आणि नसले तर मग बसा कापाकापी करत. ट्रायल डाउनलोड केली की पहिली गोष्ट ही करा, प्रोजेक्ट सहा-आठला लावा आणि बघा किती पॅटर्न जिवंत राहतात. दुसरं, कॉर्ड मात्रेच्या अधेमधे बदलून बघा, कारण मराठी चालीत कॉर्ड काही दरवेळी समेवरच बदलत नाही.

पिकिंग, रिफ, लीड यासाठी एकेक सूर वेगळा रेकॉर्ड केलेली लायब्ररी लागते. ॲम्पल साउंड, म्युझिकलॅबची रिअलगिटार, मेटलवाल्यांसाठी इम्पॅक्ट साउंडवर्क्सची श्रेडेज, ही सगळी त्या घराण्यातली. सुरुवातीला पैसे अजिबात घालवू नका, ॲम्पलची गिटार एम लाइट फुकट आहे, मार्टिन डी-४१ गिटारचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले सूर) आहेत आणि ती स्वतःच्या इंजिनवर चालते, म्हणजे सॅम्पल वाजवणारं वेगळं सॉफ्टवेअर, सॅम्पलर, लागत नाही. महिनाभर तिच्यावर हात बसवा, मग काय कमी पडतंय ते तुम्हालाच कळेल आणि तेवढंच विकत घ्याल.

या लायब्ऱ्यांच्या जाहिरातीत तीन शब्द सारखे येतात. व्हेलॉसिटी लेयर म्हणजे हळू, मध्यम, जोरात छेडलेले वेगवेगळे सॅम्पल. राउंड रॉबिन म्हणजे तोच सूर परत वाजवला की दरवेळी वेगळा रेकॉर्ड केलेला सॅम्पल येतो, नाहीतर पटापट एकच सूर वाजवल्यावर शिलाई मशीनसारखं कडकडतं. आणि कीस्विच म्हणजे खालच्या न वाजणाऱ्या कीज, त्या दाबल्या की वाजवायची पद्धत बदलते, साधा सूर, पाम म्यूट, हॅमर ऑन, स्लाइड, हार्मोनिक वगैरे. तपासायचं कसं? एकच सूर एकाच व्हेलॉसिटीला सोळा वेळा वाजवा. मशीन ऐकू आलं तर सोडा.

तिसरा एक प्रकार आहे ज्यात सॅम्पल नसतातच, सगळं गणिताने तयार होतं. याचं मूळ कार्प्लस आणि स्ट्राँग यांच्या १९८३ साली छापून आलेल्या पद्धतीत, गोंगाटाचा एक छोटा तुकडा घ्यायचा, तो फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीला शेजारच्या आकड्यांची सरासरी काढायची, की छेडलेल्या तारेसारखा आवाज येतो! ॲप्लाइड अकूस्टिक्सचं स्ट्रम जीएस-२ हे फिजिकल मॉडेलिंगवालं. डाउनलोड छोटं, जुन्या लॅपटॉपला बरं. एकटं ऐकलं तर मला थोडं प्लास्टिक वाटतं, पण तबला, कीबोर्ड, आवाज सगळं वर आलं की कोणी विचारत नाही.

आता जिथे नव्वद टक्के लोक फसतात तिथे येऊ. लायब्ररी भारी असते, आपण तिच्यावर पियानो वाजवतो. कीबोर्डवर सी कॉर्ड म्हणजे मिडी नंबर (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक सुराचा ठरलेला आकडा) ६०, ६४, ६७ (मी नंबरच देतोय, कारण सप्तकाचं नाव सॉफ्टवेअरगणिक बदलतं, कुठे ६० ला सी३ म्हणतात, कुठे सी४). गिटारवर साधा ओपन सी म्हणजे ४८, ५२, ५५, ६०, ६४. म्हणजे खाली षड्ज, वर पसरलेले सूर, आणि दोन सूर दोनदोनदा. ओपन जी ४३, ४७, ५०, ५५, ५९, ६७. ४० च्या खाली तर सहा तारांच्या साध्या गिटारला सूरच नाही, तिथे काही लिहिलं असेल तर खोडा.

मग स्ट्रम. पाचही सूर एकाच रेषेवर ठेवले तर ती गिटार नाही, हार्मोनियम झाली. खाली जाणाऱ्या स्ट्रोकला जाड तारेपासून सुरू करून पुढचा प्रत्येक सूर १०-१५ मिलीसेकंद उशिरा सरकवा. वर येणाऱ्या स्ट्रोकला उलटं, बारीक तारेपासून, आणि तेही तीनच तारा, व्हेलॉसिटी कमी. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रम मोड हे आपोआप करतो, तरी एकदा हाताने करून बघा, कान तयार होतो.

हे मला कोणी शिकवलं तर गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या मामेभावाने, तो खरा गिटार वाजवतो. मी मोठ्या हौसेने ट्रॅक ऐकवला तर म्हणे, "दादा, याचा हात मधेच हवेत अडकतो बघ." मला कळेना. मग त्याने गिटार मांडीवर घेतली आणि तारांना न लावता नुसता हात हलवून दाखवला, खाली वर खाली वर, घड्याळाच्या लंबकासारखा. मात्रेवर हात खाली, दोन मात्रांच्या मधे वर. स्ट्रोक लागो न लागो हात थांबत नाही. माझ्या ट्रॅकमध्ये मधल्या जागी खाली जाणारा स्ट्रोक होता, तो त्याच्या कानाला टोचला. आणि दुसरी गंमत त्याने दाखवली, कॉर्ड बदलायच्या आधीच्या शेवटच्या अर्ध्या मात्रेला डावा हात तारांवरून उठलेला असतो, त्यामुळे तिथे बऱ्याचदा उघड्या ताराच वाजतात, ५५, ५९, ६४, मग कॉर्ड कुठलीही असो. मी घरी येऊन तेवढे सूर हलक्या व्हेलॉसिटीला टाकले आणि त्याच फुकटच्या लायब्ररीत माणूस बसल्यासारखं वाटलं. तेव्हा मी नवीन लायब्ररीचं कार्ट रिकामं केलं.

कापोचंही बघा, म्हणजे गिटारच्या मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. आपल्याकडे गायक सांगणार "काळी दोन". म्हणजे डी शार्प. सॉफ्टवेअरला सरळ ती कॉर्ड दिली की ते बऱ्याचदा सहाव्या फ्रेटवरचा (गिटारच्या मानेवरची पट्टी) बार कॉर्ड लावतं, म्हणजे एका बोटाने तारा आडव्या दाबलेला, ५१, ५८, ६३, ६७, ७०, त्यात एकही उघडी तार नाही, आवाज बंद डब्यातला. खरा गिटारिस्ट तिसऱ्या फ्रेटवर कापो लावून सीचाच आकार धरेल, म्हणजे ५१, ५५, ५८, ६३, ६७. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये कापोची सोय आहे का ते घेण्याआधी बघा. नसेल तर सी स्केलमध्ये लिहून ट्रान्स्पोज करा, पण मग वर सांगितलेल्या उघड्या तारासुद्धा तीनने वर सरकल्या पाहिजेत.

लीडसाठी आपली गरज म्हणजे मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं. पाश्चात्त्य स्लाइडमध्ये मधले फ्रेट ऐकू येतात, मींडेत ते ऐकू येता कामा नयेत. पिच व्हीलची (कीबोर्डवरचं सूर वरखाली वाकवायचं चाक) रेंज साधारण वरखाली दोन सेमीटोन असते, म्हणजे सा ते रे जमतं, सा ते ग नाही. ती रेंज वाढवता येते का आणि वाढवल्यावर आवाज मिकी माउससारखा होतो का, दोन्ही तपासा. नायलॉन तारांची लायब्ररी भावगीताला स्टीलपेक्षा जास्त शोभते असं माझं मत, स्टीलची झणझण गायकाच्या स-श वर चढते.

इलेक्ट्रिक घेत असाल तर लक्षात ठेवा, बऱ्याच लायब्ऱ्यांचा आवाज डीआय असतो, म्हणजे गिटारची वायर थेट कॉम्प्युटरला लावल्यासारखा सपाट. ऐकून घाबरू नका, पुढे ॲम्प आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी), दोन्ही सॉफ्टवेअरमधलेच, लावायचं असतं. न्यूरल ॲम्प मॉडेलर फुकट आहे, गिटार रिगचं प्लेअर व्हर्जनही फुकट. नुसता ॲम्प लावून कॅबिनेटचा आयआर (त्या स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) विसरलात तर कानात डास शिरल्यासारखं होतं, कारण गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळतो आणि तो स्पीकरच तुम्ही काढून टाकलेला असतो.

डावी-उजवीकडे दोन गिटार ठेवायच्या तर ट्रॅक कॉपी करून एक थोडा मागे सरकवायची आयडिया करू नका. मी केली होती, १२ मिलीसेकंद. हेडफोनमध्ये स्वर्ग. मग सातपूरला एका सोसायटीच्या गणपतीत बहिणीने त्या ट्रॅकवर गाणं म्हटलं, साउंड मोनो, म्हणजे डावं-उजवं एकात मिसळलेलं, आणि माझी गिटार पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. दोन्ही बाजू वेगळ्या लिहा, एक ओपन आकारात, एक कापो लावल्यासारखी वरची, जमलं तर वेगळी लायब्ररी.

कॉम्प्युटरचं थोडक्यात. लायब्ररी एसएसडीवर ठेवा, जुन्या हार्ड डिस्कवर लोड होईपर्यंत चहा होतो. रॅम १६ जीबी असली तर निवांत. कीबोर्ड दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे पाठवतो ते) बघा, ४४.१ किलोहर्ट्झला २५६ म्हणजे सुमारे ५.८ मिलीसेकंद, ५१२ म्हणजे ११.६. वाजवताना कमी ठेवा, मिक्स करताना वाढवा. विंडोजवर ऑडिओ इंटरफेस नसेल तर असिओ फॉर ऑल हा ड्रायव्हर टाकून बघा.

आणि पैसे देण्याआधी सिस्टिम रिक्वायरमेंट्सची ओळ अक्षर न अक्षर वाचा. कॉन्टॅक्टवर (नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या सॅम्पलरवर) चालणाऱ्या लायब्ऱ्या दोन प्रकारच्या, काही फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरवर चालतात, काहींना पूर्ण विकतचा कॉन्टॅक्टच लागतो, प्लेअरमध्ये त्या पंधरा मिनिटं चालून बंद पडतात. मी एक लायब्ररी अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून रात्रपाळीवरून आल्या आल्या अर्धवट झोपेत घेतली, सोळाव्या मिनिटाला गिटार गप्प. चूक माझीच, तिथे स्पष्ट लिहिलं होतं. डाउनलोड झालेल्या लायब्ररीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. किंमत डॉलरमध्ये असते, वर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क लागू शकतं, ते धरूनच हिशोब करा, आणि कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत का बघा. घाई नसेल तर नोव्हेंबर अखेरीच्या सेलपर्यंत थांबा. पेनड्राइव्हवर फिरणाऱ्या क्रॅक कॉपीच्या नादी लागू नका, एका मित्राचा लॅपटॉप त्यातच गेला, गाण्यांसकट.

ट्रॅक दुसऱ्याकडे मिक्सिंगला द्यायचा असेल तर मिडी फाइल देऊन उपयोग नाही, त्याच्याकडे तुमची लायब्ररी नसणार. वेव्ह फाइल काढा, २४ बिट, इफेक्ट लावलेली एक आणि बिनइफेक्टची एक, दोन्ही गाण्याच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या, आणि नावातच टेम्पो आणि पट्टी लिहा, "गिटार स्ट्रम ९० काळी दोन" असं. मिडी मात्र स्वतःजवळ जपून ठेवा, गायक पट्टी बदलतोच.