कसर जात नसेल, तर या चुका टाळा

गेली बावीस वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान वाचनालयाची पुस्तके सांभाळतो आहे. दर वर्षी पावसाळा सरला की लोक कुरतडलेली पुस्तके, साड्या आणि दस्तऐवज घेऊन येतात, आणि काय केले होते असे विचारले की तीच चार-पाच उत्तरे ऐकायला मिळतात.

पहिली चूक म्हणजे कीड न ओळखताच औषध आणणे. मातीच्या नळ्या दिसल्या, तर ती वाळवी असते. पानांतून आरपार गेलेली सुईएवढी गोल भोके भुंगेऱ्याच्या अळीची असतात. भिंतीवर चिकटलेल्या राखाडी, चपट्या कोशातून डोके काढून सरकणाऱ्या अळीलाही अनेक घरांत कसरच म्हणतात, पण ती एका पतंगाची अळी आहे आणि तिला झाडू पुरतो. खरी कसर चंदेरी, बिनपंखी, माशासारखी निमुळती असते, तिच्या शेपटीला तीन लांब केस असतात आणि उजेड पडताच ती झरकन फटीत शिरते. ती तशी गोल, आरपार भोके पाडत नाही, तर बहुधा कागदाचा वरचा थर खरवडते; म्हणून पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर, विशेषतः खळ लावलेल्या पाठीवर, आधी खडबडीत फिकट चट्टे दिसतात आणि जवळच मिरपुडीसारखी विष्ठा सापडते.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त छळते, ती म्हणजे डांबरगोळ्यांवरचा आंधळा विश्वास. माझ्या आत्याने सासरच्या घरी तिच्या लग्नाचा अल्बम ऐन जुलैमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, पिशवीचे तोंड नुसते दुमडले आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लाकडी पेटीत मूठभर गोळ्या टाकून तो ठेवून दिला. दोन वर्षांनी पेटी उघडली तेव्हा मी तिथेच होतो. गोळ्या विरून मुगाच्या दाण्याएवढ्या उरल्या होत्या आणि पिशवीच्या आतल्या बाजूला दमट, पिवळसर डाग पडले होते. जुन्या फोटोंच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो आणि तो कसरीला फार आवडतो. माझ्या आजोबांचा तो एकच मोठा फोटो होता; त्यात फेटा शाबूत राहिला आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा कागद उरला. आत्या बराच वेळ त्यावरून नुसते बोट फिरवत राहिली.

गोळीची वाफ हवाबंद डब्यात पुरेशी साठली, तरच तिचा परिणाम होतो. पेटीच्या फटींतून ती निघून जाते. पिशवीत कोंडलेली ओल मात्र कुठेही जात नाही, आणि कसरीला 75 टक्क्यांहून अधिक आर्द्रताच मानवते. शिवाय ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात, म्हणून बाळाच्या दुपट्यांत आणि कपड्यांत डांबरगोळ्या कधीही ठेवू नयेत. वेखंडाच्या पुरचुंडीला माझा विरोध नाही, पण तिच्या वासाने कसर फार तर दूर राहते, मरत नाही.

त्यामुळे कसरीच्या आधी ओल हटवावी लागते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, मागच्या भिंतीची गळती दुरुस्त करून घ्यावी आणि खालच्या फळीवर काही शे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवावा. तो 60 च्या खाली राहिला तर निम्मे काम झाले. पावसाळ्यातल्या एखाद्या उघडिपीला घाईने पुस्तके बाहेर काढू नयेत, कारण तेव्हा ऊन पडले तरी हवा दमटच असते. मी दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या कोरड्या उष्म्यात, ती सावलीत उभी उघडून ठेवतो.

कांजी केलेल्या सुती साड्या वर्षभरासाठी ठेवायच्या असतील, तर कांजी धुऊन मगच ठेवाव्यात. पुठ्ठ्याच्या खोक्यांत पुस्तके साठवू नयेत, कारण खोक्याची खळ हेच कसरीचे खाद्य आहे. फळीवर वर्तमानपत्र अंथरू नये. फवारा थेट पुस्तकावर मारू नये. बोरिक पावडर ढिगाने ओतू नये, कारण किडा ढिगाला वळसा घालतो. कपाटामागच्या फटींत तिचा जेमतेम दिसेल इतका पातळ थर द्यावा, तोही मुलांचा हात पोहोचणार नाही अशाच जागी.

शेवटची चूक उतावळेपणाची आहे. एकदा फवारणी करायची आणि आठ दिवसांत कसर दिसली की औषधच खोटे ठरवायचे, हे मी नव्याने घर लावणाऱ्यांकडून नेहमी ऐकतो. फटींतल्या अंड्यांना उबायला दोन आठवड्यांपासून दोन महिनेही लागतात, मोठी कसर काही वर्षे जगते आणि कित्येक महिने उपाशी राहू शकते. तिच्याशी आठवड्याच्या हिशेबाने वागून चालत नाही. मी काचेच्या बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळतो, आत चिमूटभर कणीक टाकतो आणि ती कपाटाच्या तळाशी ठेवतो. चिकटपट्टीवरून कसर वर चढते, आत पडते आणि गुळगुळीत काचेवरून तिला बाहेर येता येत नाही. दर रविवारी बरणीतल्या कसरी मोजून आकडा वहीत लिहितो. सलग सहा आठवडे बरणी रिकामी मिळाली, की मगच मी पुस्तके त्या कपाटात परत लावतो.