हार्ड डिस्क बदलताय? आधी बायोसचे फोटो काढा

जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची असेल तर स्क्रू ड्रायव्हर नंतर शोधा, आधी मोबाईल घ्या आणि बायोसचे (विंडोजच्या आधी चालू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) फोटो काढा. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं, आणि नवी डिस्क बसवल्यावर काळ्या स्क्रीनवर फक्त "नो बूटेबल डिव्हाइस". डिस्क चांगली, क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब कॉपी) चांगला, केबल चांगली, गडबड सगळी सेटिंगमध्ये होती आणि आधीचं सेटिंग काय होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बॅकअप घ्यायचा हे सांगायला नको.

तर फोटो. रिस्टार्ट करून बायोसमध्ये जा (डेल, एसरला बहुतेक एफ२, एचपीला एफ१०). दोन पानं महत्त्वाची. एक बूटचं (म्हणजे मशीन सुरू होण्याचं), तिथे यूईएफआय ही नवी पद्धत आहे की लेगसी ही जुनी ते दिसतं, सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून बूट होऊ न देणारं सेटिंग) चालू की बंद तेही घ्या. दुसरं स्टोरेजचं, साटा मोड (मशीन डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतं ते) एएचसीआय आहे की रेड. हे कशाला, तर लॅपटॉप उघडल्यावर बॅटरीचा कनेक्टर आधी काढावा लागतो, आणि जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा तो ३ व्होल्टचा गोल सेल बरेचदा गेलेला असतो, त्यामुळे मेन बॅटरी सुटली की बायोस सगळं विसरून फॅक्टरी सेटिंगवर जातं. तुमचं विंडोज टाकलेलं लेगसीवर, डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी), आणि मशीन आता शोधतंय फक्त यूईएफआय. कसं सापडणार? बायोसमधली तारीख भलतीच मागे गेलेली दिसली तर समजा हेच झालंय, आणि सेल बदलून टाका, नाहीतर पुन्हा होईल. बायोसमध्ये जायचं नसेल तर निदान विंडोजमध्ये "सिस्टीम इन्फर्मेशन" उघडून "बायोस मोड" ही ओळ तरी बघून ठेवा, पण फोटो काढाच, साटा मोड त्या ओळीत कळत नाही.

दुसरं, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप) की. ४८ आकडी असते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन तुम्हाला न विचारता चालू झालेलं असू शकतं, आणि बायोसमध्ये हात घातला की पुढच्या वेळी जुनी डिस्क परत लावली तरी ती की मागू शकते. अकाउंटवर असते, आत्ताच बघून कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून काय उपयोग?

विंडोजचा बूटेबल पेनड्राइव्ह (८ जीबी पुरतो) आधीच करून ठेवा, घरात दुसरा कॉम्प्युटर नसेल तर नंतर कुठे करणार. एसएसडी घेताना, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, २.५ इंची हवी की एम.२ (छोट्या पट्टीसारखी) ते बघा, आणि एम.२ असेल तर तो स्लॉट साटा घेतो की एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकार) हे मॉडेल नंबर टाकून तपासा, बसते म्हणजे चालते असं नाही. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असेल आणि नवी ७ ची, तर जाडी भरून काढणारी पट्टी लावा, नाहीतर डिस्क कनेक्टरमध्ये हलत राहते.

क्लोन करताना पूर्ण डिस्क निवडा, नुसतं सी ड्राइव्ह नाही. शेजारी १०० एमबी वगैरेचं नाव नसलेलं छोटं पार्टिशन असतं ना, बूट त्यातूनच होतं. ते राहिलं की सगळा डेटा जागेवर आणि लॅपटॉप मात्र चालू होत नाही.

उघडणं सोपं आहे, बॅटरी काढा, स्क्रू कुठला कुठून निघाला तसे मांडून ठेवा, पातळ पट्टीवाली साटा केबल ओढू नका.

आता बसवली आणि बूट होत नाही. घाबरून लगेच फॉर्मॅट मारू नका, आधी एकच बघा: बायोसला डिस्क दिसते का? दिसत नसेल तर केबल किंवा कनेक्टर, काढून परत बसवा. दिसते तरी बूट नाही, तर काढलेले फोटो उघडा आणि एकेक सेटिंग जुळवा. फोटो नसतील तर लेगसी आणि यूईएफआय दोन्ही करून बघत बसावं लागेल. निळी स्क्रीन आणि "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" आलं तर साटा मोडच बदललेला असण्याची शक्यता जास्त, तो परत पहिल्यासारखा करा.

सगळं जुळूनही नाही झालं तर पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर. इथे एक गोष्ट, बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकाच्या नावापुढे यूईएफआय लिहिलेलं आणि एक साधा. फोटोत जो मोड आहे तोच निवडा, नाहीतर रिपेअरला तुमचं विंडोज सापडणार नाही आणि नवं टाकायला गेलात तर डिस्क एमबीआर आहे म्हणून अडवेल. रिपेअरने भागलं नाही तर कमांड प्रॉम्प्टमधून बीसीडीबूट (बूटच्या फाइली नव्याने टाकणारी कमांड) चालवा, फक्त तिथे सी चं अक्षर डी झालेलं असू शकतं, विंडोजचा फोल्डर कुठे आहे ते आधी बघा.

चालू झालं की ड्रायव्हर, अपडेट वगैरे नेहमीचं. मदरबोर्ड तोच असल्यामुळे ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. जुनी डिस्क पहिल्या बूटच्या वेळी यूएसबीला लावून ठेवू नका, दोन्हींची सिग्नेचर (डिस्कचा ओळख क्रमांक) एकच असते आणि गोंधळ होतो. महिनाभर ती पुसू पण नका.