बाळ पेटीत, आई दारात: एस.एन.सी.यू.त नव्यानं लागणाऱ्या सिस्टरांसाठी

एस.एन.सी.यू.त, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, पहिली पोस्टिंग मिळाली की सगळं लक्ष मॉनिटरवर असतं. सॅचुरेशन, ड्रिपचा वेग, बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरचं तापमान. ते यायलाच हवं आणि ते शिकवायला सीनियर असतात. दाराबाहेर उभ्या असलेल्या आईला आत कसं घ्यायचं, हे मात्र फारसं कुणी बसवून सांगत नाही. म्हणून लिहिते.

बेळगावात खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बाळं येतात, चंदगडकडचीही येतात. पुष्कळदा बाळ अँब्युलन्सनं पुढं येतं आणि सिझर झालेली आई तालुक्यालाच राहते. ती पोचेपर्यंत तिनं बाळ फक्त नवऱ्याच्या मोबाइलवर पाहिलेलं असतं. आत आली की वॉर्मरपासून हातभर लांब थांबते. "हात लावू काय ओ सिस्टर? काय हुणार नाही न्हवं?" या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नका. आधी नळ्या-वायरी ओळखीच्या करून द्या: पायाला लावलंय ते ऑक्सिजन मोजतं, दुखत नाही, नाकातली नळी दुधाची.

हात धुण्याआधी अंगठ्या, बांगड्या काढायच्या असतात. हिरवा चुडा उतरवायचा म्हटलं की तिचा चेहरा पडतो आणि सासूचा आवाज चढतो. इथं नियम म्हणून दरडावू नका. जंतू कुठं अडकतात ते सासूबाईंनाच दाखवा, घरी जाताना नव्या भरा म्हणा. त्यांना पटलं की पुढची प्रत्येक आजी त्याच समजावतात.

पहिला स्पर्श स्थिर असावा. दिवस भरायच्या फार आधी जन्मलेल्या बाळाला कुरवाळणं सोसत नाही. आईचा एक तळवा डोक्याला, दुसरा दुमडलेल्या पायांना, आणि हात तसाच ठेवायचा. बाळानं बोटं फाकवली, रंग बदलला, उचक्या लागल्या तर जरा थांबायचं. या खुणा तिला शिकवा. त्या ओळखायला लागली की ती तुमच्याआधी सांगते, "आज ह्यो दमलाय ओ."

मग कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवणं. १९७८ मध्ये बोगोटात डॉ. एडगर रे यांनी इन्क्युबेटर पुरेनात म्हणून ही पद्धत सुरू केली, त्यामुळं अजूनही काहींना तो गरिबांचा उपाय वाटतो. तसं नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी दिलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. पाच देशांतल्या त्या रुग्णालयांत दिल्लीचं सफदरजंगही होतं. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला आठ ते चोवीस तास सांगते. तेव्हा राउंड संपल्यावर वेळ उरला तर, असं करू नका. बाळ उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला, नाक मोकळं. एकदा दिलं की तासभर तरी हलवू नये. आईला ताप असेल तर बाप, आजी, कुणीही चालतं. आमच्याकडचे बाप आधी लाजतात, नंतर बाळ परत द्यायला तयार नसतात.

दूध काढणं पहिल्याच दिवशी सुरू व्हावं, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा. रात्रीची वेळ चुकवू देऊ नका. पहिला चीक थेंबभर निघाला तरी तो तिच्या देखत बाळाच्या तोंडाला लावा. पोटातले दिवस धरून साधारण ३४ आठवडे होईपर्यंत बाळाचा ओढणं, गिळणं, श्वास यांचा मेळ बसत नाही. बाळ ओढत नाही यात तिचा दोष नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण घरचे उलटंच सांगत असतात.

काही आया सांगतात, बाळाला बघून काहीच वाटत नाही. ऐकून घ्या. माया सावकाश लागली तरी लागते. पण दोन आठवड्यांनंतरही रडणं थांबत नसेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घालाच.

कन्नड येत नसेल तर कामापुरतं शिका. शेजारच्या कॉटवरची आई कन्नड बोलणारी असते आणि तिची भीती तीच असते. आणि डिस्चार्जआधी निदान एक रात्र बाळाचं सगळं आईला एकटीनं करू द्या, तुम्ही हाकेच्या अंतरावर बसा. सकाळी तिच्या शंका लिहून आशाताईंना फोन करा. त्या ४२ दिवसांपर्यंत घरी फेऱ्या मारतात, त्यांना आधीच कळलं तर बरं.