मोंतोचं शर्यतीचं चित्र पारखताना

फ्रेंच चित्रकार एर्नेस्त मोंतोचं म्हणून शर्यतीच्या मोटारीचं जुनं चित्र कुणी पुढे ठेवलं, की मी भिंग घेऊन आधी धुळीच्या लोटाकडे वळतो. गाडीची पाळी नंतर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही चित्रं पॅरिसमध्ये शिळाछापानं निघत. दगडावरून रेषा उमटायच्या आणि रंग मात्र साचे ठेवून प्रत्येक प्रतीवर हातानं भरला जायचा. त्यामुळे भिंगाखाली धुळीचा रंग सलग दिसायला हवा, कडेला थोडा दाटलेला, कुठे रेषेबाहेर गेलेला. रांगेत बसलेले बारीक ठिपके दिसले, तर ती नंतरची छपाई. कागद पिवळा आहे म्हणून फसू नका. तो चहाच्या पाण्यानंही पिवळा करता येतो. काळी रेषाही पाहा: खडूनं दगडावर काढलेल्या रेषेचे दाणे वेडेवाकडे असतात. दोन प्रतींत आभाळाची छटा वेगळी निघाली तर उलट आनंद माना.

धुळीवर मी इतका रेंगाळतो त्याला आणखी एक कारण आहे. 1903च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत पुढच्या गाडीच्या धुळीतून वाट काढताना मार्सेल रेनोची गाडी रस्ता सोडून गेली आणि तो दगावला. एवढे अपघात झाले, की शर्यत बोर्दोलाच थांबवली. मोंतोच्या चित्रांत लांबट चाकं आणि वेगाच्या रेषांमागे उसळणारी ती सुंदर धूळ चालकांना आंधळं करणारी होती, हे माहीत असल्याशिवाय चित्र पुरतं दिसत नाही.

मग सही. मोंतो 1909मध्ये वारला, म्हणजे त्यानंतरच्या शर्यतीचं चित्र त्याच्या हातचं असू शकत नाही. ‘गामी’ अशी सही असेल, तर ते काम त्याची पत्नी मार्गरित हिचं.

शेवटी बॉनेटवरचा क्रमांक त्या शर्यतीच्या निकालाशी ताडून पाहा. 1906च्या ल मान्सच्या ग्रां प्रीत विजेत्या फेरेन्स सिसच्या रेनोवर 3ए होता. त्याच्या चाकांना सुट्या होणाऱ्या मिशलँ रिम होत्या, म्हणजे टायर रिमसकट झटकन बदलता यायचा. टायर बदलायचं काम चालक आणि सोबतचा मेकॅनिक या दोघांनीच करायचं असल्यामुळे वाचलेली ती मिनिटं फार मोलाची ठरली.

घेण्याआधी चित्र फ्रेमबाहेर काढून दाखवायला सांगा. फ्रेमखाली झाकलेल्या कडेचा रंग मधल्या रंगापेक्षा गडद असेल, तर चित्रानं बरंच ऊन खाल्लंय. डाग दिसले तरी पाणी लावू नका, हातानं भरलेला रंग पसरतो.