एअरब्रशसाठी कंप्रेसर घेताय? या चुका टाळा

आषाढ लागला की दरवर्षी तीच गाऱ्हाणी कानावर येतात. एअरब्रश, म्हणजे दाबलेल्या हवेने रंग फवारणारा ब्रश, थुंकतोय. रेष मधेच जाड, मधेच बारीक होतेय. रंग ठिपक्याठिपक्यांनी पडतोय. मोटर तापून बंद पडतेय. तोवर ब्रशमधली सुई बदलून झालेली असते, थिनर बदलून झालेला असतो, काहींनी तर ब्रशच नवा घेतलेला असतो. कंप्रेसरवर, म्हणजे ब्रशला हवा दाबून देणाऱ्या यंत्रावर, संशय कोणी घेत नाही, कारण तो 'हवा तर देतोय'. पण एअरब्रशचं काम नुसत्या हवेवर भागत नाही. ती एका दाबाने आली पाहिजे आणि कोरडी आली पाहिजे. घरी शाडूची मूर्ती रंगवणारे असोत की विमानांची मॉडेलं करणारे, खरेदीत चुकतात ते ही दोन कामं सोडून बाकी सगळं बघतात म्हणून.

बिनटाकीचा कंप्रेसर आणि आपला पावसाळा

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते. आमच्या पनवेलमध्ये शेजारच्या इमारतीतला एक मुलगा घरच्या गणपतीची दीड फुटी मूर्ती स्वतः करतो. हात चांगला आहे, आखणी तर सुरेख करतो. त्याने हौसेने एअरब्रश घेतला आणि सोबत छोटासा बिनटाकीचा कंप्रेसर. जागा कमी लागते, पैसे कमी लागतात, दुकानदारानेही 'नवशिक्याला हाच बरा' म्हणून सांगितलं. बॉडी कलर झकास बसला. मग पितांबराची शेडिंग झाली, आणि तास-दीड तासाने सोंडेवर सावली मारताना ब्रशने एक मोठा थेंब टाकला. त्याने घाईने कापडाने टिपला. टिपताना ओला रंग निघाला, खालचा पांढरा हात (म्हणजे पांढऱ्या रंगाचा थर) निघाला आणि शाडू दिसायला लागला.

"काका, रंगच खराब निघाला," म्हणत तो माझ्याकडे आला. मी त्याला ब्रश बाजूला ठेवायला सांगितला. पाइपचं मोकळं तोंड वर्तमानपत्राच्या कागदासमोर वीतभर अंतरावर धरलं आणि कंप्रेसर चालू केला. कागदावर रंगाचा टिपूस नाही, नुसते पाण्याचे डाग, एकाशेजारी एक. पाइप उजेडासमोर धरला तर आतून सगळीकडे दव धरलेलं. रंग निर्दोष होता, सुई निर्दोष होती. प्रतिष्ठापना तोंडावर आलेली, बाहेर पावसाची झड, आणि त्या पोराला सोंड घासून, पुन्हा पांढरा हात देऊन, पंख्याखाली वाळवून सगळं नव्याने करावं लागलं. फक्त या वेळी टाकीच्या कंप्रेसरवर.

हे पाणी येतं कुठून, ते एकदा समजून घ्या. हवा दाबली की तिच्यातली वाफ ओलं फडकं पिळल्यासारखी बाहेर पडते. जुलैमध्ये कोकणपट्टीत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. अशी हवा ४ बारला (बार हे दाबाचं माप) दाबून पुन्हा खोलीइतकी थंड केली, तर तिच्यातली पाऊण वाफ पाणी होऊन खाली बसते. एअरब्रश मिनिटाला १२ लिटर हवा घेत असेल, तर सलग तासाभराच्या कामात ते पाणी १४ मिलिलिटरच्या आसपास भरतं, म्हणजे जवळजवळ एक मोठा चमचा. सोंडेवर पडलेला एक थेंब यापुढे काहीच नाही.

टाकी असेल तर हे पाणी टाकीच्या तळाशी जमतं. शिवाय टाकीतली ४ बारची हवा रेग्युलेटरमधून (दाब कमी-जास्त करायच्या चावीतून) २० पीएसआयवर, म्हणजे १.४ बारवर आली की पसरते आणि तिची आर्द्रता पन्नास-साठ टक्क्यांवर उतरते. टाकी नसेल तर गरम हवा थेट पाइपात जाते, पाइपात थंड होते आणि पाणी तिथेच सुटतं, ब्रशच्या दोन हात अलीकडे. रेग्युलेटरखाली लटकणारा पारदर्शक छोटा वॉटर ट्रॅप (पाणी अडवणारी बाटली) इथे फारसा उपयोगी पडत नाही. त्याच्यातून जाताना हवा अजून गरम असते, पाण्याची वाफच असते, आणि वाफ तो पकडू शकत नाही. दुकानदार 'ट्रॅप आहे ना' म्हणतो तेव्हा हे विचारा.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. टाकी हवीच, तीन लिटरची का असेना. पाइप तीन मीटरचा, म्हणजे उरलीसुरली गरमी वाटेत जाते. आणि ब्रशच्या अगदी खाली, मुठीत येईल असा दुसरा छोटा ट्रॅप. पावसाळ्यात दर तासाला टाकीचा दाब बारभर ठेवून खालचा ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी) फडक्यावर उघडतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला निघालेलं पाणी बघून आश्चर्य वाटतं. काम संपलं की टाकी रिकामी करून कॉक रात्रभर उघडाच ठेवतो. टाकी आतून गंजते ती साठलेल्या पाण्यानेच, आणि ते गंजाचं पाणी तांबूस रंगाने फडक्यावर उतरायला लागलं तर उशीर झाला असं समजा.

कारखान्यात पाहिला, तसाच घरी आणला

पेणला, हमरापूरला, जोह्याला मूर्तींचे कारखाने बघून आलेली माणसं दुसरी चूक करतात. तिथे मोठ्या टाकीचा, पट्ट्यावर चालणारा कंप्रेसर बघतात आणि घरी तसलाच, निदान दीड-दोन हॉर्सपॉवरचा हवा, असं ठरवून बसतात. कारखान्याचं गणित वेगळं आहे हो. तिथे एका टाकीवर दोन-तीन स्प्रे गन एकाच वेळी चालतात, शेकडो मूर्तींना पांढरा हात आणि बॉडी कलर मारायचा असतो. मोठी स्प्रे गन हवा भसाभसा खाते. तुमच्या ०.३ मिलिमीटरच्या नोझलला (रंग बाहेर पडतो त्या ब्रशच्या तोंडाला) १५ ते ३० पीएसआयवर मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतात.

त्यासाठी १/६ हॉर्सपॉवरचं, बिनतेलाच्या पिस्टनचं, तीन लिटर टाकीचं यंत्र बस्स झालं. बाजारात एएस-१८६ या क्रमांकाने वेगवेगळ्या शिक्क्यांखाली मिळतं तेच. मिनिटाला २० ते २३ लिटर, ३ बारला आपोआप चालू, ४ बारला आपोआप बंद. मात्र खोक्यावरचा लिटरचा आकडा बहुधा पिस्टनने खेचलेल्या हवेचा असतो. दाबाखाली हातात पडते ती त्याहून कमी. म्हणून ब्रशच्या गरजेच्या दीडपट-दुप्पट आकडा बघावा. दहापट नको.

मोठ्या यंत्राचा खरा त्रास आवाजाच्या पुढे आहे. त्याच्या रेग्युलेटरची तबकडी शून्य ते दहा-बारा बारची. तुम्हाला काम करायचंय एक-दीड बारवर, म्हणजे काटा हलतो-न हलतो अशा कोपऱ्यात. तिथे १५ आणि २० पीएसआयमधला फरक हाताला कळतच नाही, आणि डोळ्याभोवतीची सावली त्याच फरकावर उभी असते. मोठा कंप्रेसर आधीच घरात असेल तर विकू नका. पुढे शून्य ते चार बारचा छोटा रेग्युलेटर जोडा. तळमजल्यावर जागा आहे, पुढेमागे गनही चालवायची आहे, अशांनी २४-२५ लिटरचा, बिनतेलाचा, कमी आवाजाचा घ्यावा. दातांच्या दवाखान्यात असतो त्या जातीचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने घेऊ नये. रात्री नऊ वाजता खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

ब्रशच्या बुडाला लावायचे चार्जिंगवाले कंप्रेसर

पेनासारखे दिसतात, ऑनलाइन स्वस्त मिळतात, आणि 'आधी याच्यावर शिकतो, मग मोठा घेतो' हे वाक्य मी ऐकून ऐकून थकलो आहे. पुष्कळांचा दाब ठरलेला, हवा तसा बदलता येत नाही. टाकी नाही, त्यामुळे हवेला धडधड, आणि ती बारीक रेषेत लाटेसारखी उमटते. शिकणारा मग त्या दाबाला जुळेल इतका रंग पातळ करतो, रंग ओघळतो, आणि त्याला वाटतं आपला हात वाईट आहे. नवशिक्यालाच चांगला कंप्रेसर लागतो, कारण चूक हाताची की यंत्राची हे ओळखायचा अनुभव त्याच्याकडे नसतो. प्रवासात किरकोळ टचअपला ही वस्तू ठीक. पहिलं आणि एकमेव यंत्र म्हणून घेऊ नका. तेवढे पैसे बाजूला ठेवा, दोन महिने थांबा.

गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप: नको. दहा-पंधरा मिनिटांत तापतो, कानठळ्या बसवतो, वर रेग्युलेटर नाही.

दाब लावताना ब्रशचं ट्रिगर मोकळं ठेवून काट्याकडे बघतात. चुकीचं. हवा वाहायला लागली की २० चे १५ होतात. ट्रिगर दाबून, नुसती हवा सोडत रेग्युलेटर फिरवा.

कंप्रेसर ब्रश न वापरताही मधूनमधून चालू होतोय? कुठेतरी गळती आहे. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर लावा, बुडबुडे जागा दाखवतील. टेफ्लॉन टेप दोन वेढे, आणि तो चुडीच्या (म्हणजे आट्यांच्या) वळणाच्या दिशेने. उलटा गुंडाळला तर घट्ट करताना निघून येतो आणि तुकडे रेग्युलेटरमध्ये अडकतात.

चुडीचं माप विकत घेण्याआधीच बघा. कंप्रेसरवर बहुधा पाव इंची बीएसपी (ब्रिटिश मापाची चुडी) असते, बहुतेक ब्रशवर १/८ इंची, आणि बॅजर, पाशे या कंपन्यांच्या ब्रशची चुडी आणखी वेगळी. अडॅप्टर किरकोळ किमतीचा, पण नेमक्या गरजेच्या दिवशी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळत नाही.

अमेरिकेतून कोणी कंप्रेसर आणत असेल तर नाही म्हणा. तो ११०-१२० व्होल्टचा. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०, त्यामुळे मोटर हळू चालते आणि जास्त तापते.

फ्रिजचा जुना कंप्रेसर

यावर मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण नाही. आवाज अजिबात नाही, भंगारात मिळतो, व्हिडिओ बघून जमतो, हे सगळं खरं. पण तो तेलावर चालतो आणि थोडं तेल हवेबरोबर सोडतोच. ते तेल पृष्ठभागावर बसलं की वरचा रंग गोल गोल फाकतो, मधे खालचा थर डोळ्यासारखा उघडा पडतो, आणि पुसल्याशिवाय दुसरा हात बसत नाही. ऑइल सेपरेटर, प्रेशर स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह असं सगळं नीट जोडणारे लोक आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते हे सगळं वगळून टाकी म्हणून पीव्हीसी पाइप लावणाऱ्यांशी. पीव्हीसी पाण्याच्या दाबासाठी असतो. दाबलेल्या हवेने फुटला तर धारदार तुकडे होऊन उडतो, आणि एअरब्रशवाला त्या टाकीपासून हातभर अंतरावर मान खाली घालून बसलेला असतो. अशा यंत्राशेजारी मी बसत नाही आणि कोणाच्या पोराला बसू देत नाही. ज्याने आधीच बनवलाय त्याने आज तो पाइप काढावा आणि हवेसाठीच बनवलेली, दाबाचा आकडा कोरलेली टाकी लावावी. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी टाकीत हवा भरलेली असताना महिन्यातून एकदा ओढून बघावी. फुस्स आवाज आला नाही तर व्हॉल्व्ह चिकटलाय, तो बदलेपर्यंत यंत्र बंद.